रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, एमएसचं औषध थांबवायचं का?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मज्जातंतूंचं आवरण झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रं या खेपेला आली आहेत. पत्र कुठूनही आलेलं असो, प्रश्न फिरून एकाच जागी येतो. अंगात विषाणू सापडलाय, मग प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू ठेवायचं की बंद करायचं? विषाणू कोणता, औषध कोणतं, आणि आज बंद केलं तर त्याचा अंमल उतरायला किती दिवस लागतील, हे कळल्याशिवाय याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत. खालचे डोस मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढ माणसाचे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचता यावी म्हणून ते दिलेत, दुकानातून स्वतः आणून घेण्यासाठी नव्हेत.

प्रश्न : माझी पत्नी ३४ वर्षांची आहे. गेल्या वर्षात एमएसचे दोन झटके आले, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी रिटुक्सिमॅब सुचवलं. त्याआधीच्या तपासण्यांत हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला. तिला कधी कावीळ झालेली नाही, एसजीपीटी २८ आहे. हे इंजेक्शन आता कायमचं बाद झालं का? सासूबाई गावाकडून कावीळचं औषध आणते म्हणतात. (वाचक, सांगली)

बाद झालेलं नाही, क्रम बदललाय. आधी विषाणूवरची गोळी, मग रिटुक्सिमॅब.

पॉझिटिव्ह नेमकं काय आलंय ते रिपोर्टवर बघा. तिथे तीन वेगळ्या ओळी असायला हव्यात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज अंगात आहे. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह म्हणजे तो कधी ना कधी येऊन गेलाय. अँटी-एचबीएस हे संरक्षण, लसीमुळे किंवा आजारानंतर आलेलं. बऱ्याच ठिकाणी पहिलीच ओळ तपासली जाते. दुसरी राहते, किंवा टोटलऐवजी आयजीएम केलं जातं, आणि ते फक्त ताजी लागण दाखवतं. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह असलेल्या माणसातही रिटुक्सिमॅबनंतर विषाणू जागा होऊ शकतो, म्हणून ती ओळ सोडून चालत नाही. एक मेख अशी, की अलीकडे आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सलाईन) दिलेलं असेल तर त्यातून आलेल्या उसन्या अँटिबॉडीमुळे दुसरी ओळ खोटी पॉझिटिव्ह येते. रक्त त्याआधीच काढून ठेवलेलं बरं.

एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) २८ असल्यामुळे तुम्ही निर्धास्त झाला असाल, पण त्याचा अर्थ एवढाच की सध्या यकृतात लढाई चालू नाही. विषाणूचा मूळ आराखडा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. गोळ्यांनी तो निघत नाही, त्याच्या नव्या प्रती निघणं तेवढं थांबतं. एरवी त्याच्यावर पहारा ठेवण्यात बी पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) मोठा वाटा असतो, आणि रिटुक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब, ओफाटुमुमॅब ही औषधं नेमक्या त्याच पेशी काढून टाकतात. मग विषाणू गाजावाजा न करता वाढत राहतो. पुढे पहारेकरी परततात, भरलेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात आणि तेव्हा डोळे पिवळे होतात. काहींचं यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येते. म्हणून हा भडका इंजेक्शनं बंद केल्यावर कित्येक महिन्यांनीही उडू शकतो. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात याचा इशारा ठळक चौकटीत घालायला लावला. ओक्रेलिझुमॅबच्या माहितीपत्रकात तर सक्रिय हेपॅटायटिस बी असताना ते द्यायचंच नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आता करायचं काय? एचबीव्ही डीएनए, म्हणजे विषाणूभार, मोजून घ्या. सोबत एचबीईएजी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि मिळत असेल तर फायब्रोस्कॅन. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणीही याच वेळी करा. एचआयव्हीची का? हेपॅटायटिस बीसाठीची गोळी एचआयव्हीवरही काम करते, आणि लागण माहीत नसताना ती एकटी दिली तर एचआयव्ही त्या औषधाला दाद देईनासा होतो.

गोळी साधारणपणे तीनपैकी एक असते. एन्टेकाविर ०.५ मिलिग्रॅम रोज एकदा, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास, म्हणजे अनशापोटी. रात्री झोपताना घेतली तर हे सोपं जातं. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम रोज एकदा, यात क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं. किंवा टेनोफोविर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम, जेवणासोबत. पुढे मूल हवं असेल तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगा, मग एन्टेकाविरऐवजी टेनोफोविर निवडतात. लॅमिव्ह्युडिन स्वस्त आहे, पण विषाणू त्याला लवकर सरावतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या उपचारात ते नकोच. टेनोफोविर आणि लागणाऱ्या तपासण्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून (२०१८ पासून) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांवर मोफत मिळतात. दरमहा पैसे भरण्याआधी तिथे चौकशी करा.

विषाणूभार कमी असेल तर गोळी सुरू करून थोड्याच दिवसांत रिटुक्सिमॅब देता येतं. आकडा लाखांत असेल तर तो खाली येईपर्यंत थांबतात. मधल्या काळात एमएसपुढे उघडं पडायचं नसेल तर ग्लॅटिरामर या एमएसच्या दुसऱ्या औषधाचा पर्याय असतो (२० मिलिग्रॅम रोज, किंवा ४० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा, कातडीखाली). ते प्रतिकारशक्ती दाबून टाकत नाही. झटका आलाच आणि मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅमचं सलाईन तीन ते पाच दिवस द्यावं लागलं, तर गोळी चालू असणं आणखीच महत्त्वाचं, कारण स्टेरॉइडनेही हा विषाणू फोफावतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. फाइली दोन असतात, एक न्यूरोलॉजिस्टची, एक यकृताच्या डॉक्टरांची. सहा महिन्यांनी विषाणूभार 'सापडत नाही' असा रिपोर्ट येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, चिठ्ठीची मुदत संपलेली असते आणि गोळी गुपचूप बंद पडते. ही गोळी रिटुक्सिमॅब चालू असेपर्यंत आणि शेवटच्या डोसनंतर किमान १२ ते १८ महिने घ्यायची असते. त्यानंतर ती थांबवली तरी वर्षभर रक्त तपासायचं असतं. तुमच्या पत्नीचा एचबीएसएजीच पॉझिटिव्ह असेल तर ती याहून लांबही चालू शकते. एसजीपीटी आणि विषाणूभार दर तीन महिन्यांनी. न्यूरोलॉजीच्या फाइलच्या पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'हेपॅटायटिस बी, गोळी यकृतडॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.' लघवी चहासारखी गडद होणं, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, डोळ्यांत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसलं तर तिमाही तारखेची वाट पाहू नका.

सासूबाईंच्या औषधाचं म्हणाल तर नको. त्यात काय आहे हे लिहिलेलं नसतं, आणि एसजीपीटी वाढलं की ते विषाणूमुळे, औषधामुळे की झाडपाल्यामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. गुळवेलीचा काढाही टाळा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवलं आहे. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण प्रतिकारशक्तीच आपल्यावर उलटलेल्या आजारात ती 'वाढवणारं' काही घेण्यात तसाही अर्थ नाही.

तुमची आणि मुलांची तपासणी करा. निगेटिव्ह असाल आणि लस झालेली नसेल तर ०, १ आणि ६ महिने अशी तीन इंजेक्शनं. एका ताटात जेवून हा आजार लागत नाही. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याचं वेगळं.

प्रश्न : आत्या ४६ वर्षांच्या. तीन वर्षांपासून एमएससाठी फिंगोलिमॉडची कॅप्सूल रोज घेतात. कालपासून उजव्या कमरेवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठलाय, आग होते. नागीण आहे असं सगळे म्हणतात. गेरू लावलाय. कॅप्सूल आजपासून बंद करू का? (वाचक, नाशिक)

गेरू धुऊन टाका आणि आजच डॉक्टर गाठा. नागिणीवरचं औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा पुरता उपयोग होतो. तुमचा एक दिवस गेलाय. बहुतेक वेळा नुसतं बघून निदान होतं, रिपोर्टसाठी थांबायची गरज नसते. व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस, किंवा असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाचदा सात ते दहा दिवस. पाचदाचं वेळापत्रक घरोघरी कोलमडतं, म्हणून परवडत असेल तर पहिलं. दोन्हींसोबत पाणी भरपूर प्यायचं, औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

कॅप्सूल मनाने बंद करू नका. फिंगोलिमॉड लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींत अडकवून ठेवतं. आज बंद केलं तरी अंगातून पूर्ण जायला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे या आठवड्यातल्या फोडांना त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट अडकलेल्या पेशी एकदम सुटल्या की एमएस पहिल्यापेक्षा जोरात उसळू शकतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. शिवाय खंड १४ दिवसांहून जास्त पडला तर पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवसासारखं सहा तास दवाखान्यात बसून नाडी, रक्तदाब आणि ईसीजी बघावा लागतो, कारण पहिल्या डोसला हृदयाची गती मंदावते. औषध सुरू होऊन महिनाही झाला नसेल तर याहून कमी खंडालाही हे करावं लागतं.

सीबीसीचा रिपोर्ट सोबत न्या आणि लिंफोसाइटचा टक्का नव्हे, संख्या बघा. समजा एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० आणि लिंफोसाइट ९ टक्के, तर ४,२०० गुणिले ९ भागिले १०० म्हणजे ३७८. साध्या माणसात हा आकडा घाबरवणारा, फिंगोलिमॉडवर मात्र अपेक्षित, कारण ही संख्या मूळच्या २० ते ३० टक्क्यांवर येते. २०० च्या खाली गेली तर औषध थांबवण्याचा विचार होतो.

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो असं आपल्याकडे म्हणतात. तसं होत नाही. पण या समजुतीच्या आसपास एक खरी गोष्ट आहे. नागीण एका बाजूच्या एका पट्ट्यात राहते. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर विखुरले तर विषाणू रक्तातून पसरलाय, आणि फिंगोलिमॉड घेणाऱ्यात हे होऊ शकतं. तेव्हा, तसंच कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, डोकं खूप दुखलं किंवा माणूस बरळू लागला तर थेट इस्पितळ. तिथे असायक्लोविर शिरेतून देतात, किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. अशा वेळी फिंगोलिमॉड थांबवायचं की काय हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतात, आणि तेव्हा थांबवणं योग्यही असू शकतं.

दुखण्यासाठी प्रेगाबॅलिन लिहून देतील. आत्या ते एमएसच्या दुखण्यासाठी आधीच घेत असतील तर सांगा, नाहीतर डोस दुप्पट होऊन तोल जाईल. खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई आणि कांजिण्या न झालेलं मूल त्यांच्यापासून लांब. बऱ्या झाल्यावर नागिणीच्या लसीचं विचारा. २०२३ पासून भारतात आलेली लस जिवंत विषाणूची नाही, दोन डोसची आहे. जिवंत विषाणूची लस फिंगोलिमॉड चालू असताना चालत नाही.

प्रश्न : धाकटा भाऊ, वय २९. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन मांडीत घेतो. तीन दिवस १०२ ताप, डेंगीची एनएस१ पॉझिटिव्ह. कालपासून पाय जड झालेत आणि डावीकडचं धूसर दिसतंय, अगदी दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यासारखं. स्टेरॉइडचं सलाईन लावून घ्यावं का? (वाचक, पुणे)

आज तरी नको. जुनीच लक्षणं, जुन्याच जागी, तापासोबत, हे बहुतेक वेळा खरा झटका नसतो. आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून संदेश कसाबसा जात असतो, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडखळतो. उथॉफ या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये हे नोंदवलं. नवी इजा झालेली नसते, ताप उतरला की गाडी मूळ पदावर येते. खरा झटका म्हणजे २४ तासांहून जास्त टिकणारं लक्षण, तेही ताप किंवा संसर्ग नसताना. डेंगीत स्टेरॉइडचा फायदा नाही, आणि प्लेटलेट घसरत असताना पोटात रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, कोमट पाण्याने अंग पुसणं, पंखा. इंटरफेरॉननंतर येणाऱ्या कणकणीसाठी तुमच्या घरात आयब्युप्रोफेन ठेवलेलं असेल. ते, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्पिरिन, चौघांनाही सध्या कुलूप. या आठवड्याचं इंजेक्शन चुकवा. एकतर प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळतं, आणि दुसरं, इंटरफेरॉन स्वतःच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी करतं व एसजीपीटी वाढवतं. या तिन्ही गोष्टी डेंगीही करतो, मग कोणाचं काय हे कळत नाही. एक-दोन आठवड्यांच्या खंडाने इंटरफेरॉनमध्ये एमएस उसळत नाही. आकडे सावरले की डॉक्टरांना विचारून नेहमीच्या डोसने सुरू, चुकलेलं भरून काढायचं नाही.

लघवीला वारंवार जावं लागतं म्हणून एमएसचे रुग्ण पाणी कमी पितात. डेंगीत ही सवय महागात पडते. आणि ताप उतरला म्हणून गाफील राहू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच खरी जोखीम असते. पोटात कळा, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यांपैकी काही दिसलं तर लगेच दाखल करा. ताप जाऊन दोन दिवस झाले तरी धूसरपणा तसाच राहिला, किंवा डोळा फिरवताना दुखलं, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तेव्हा एमआरआय आणि गरज असल्यास स्टेरॉइड.

प्रश्न : ओक्रेलिझुमॅबची ६०० मिलिग्रॅमची तारीख येत्या सोमवारी आहे आणि आज कोविड पॉझिटिव्ह आला. चेहऱ्यातल्या कळांसाठी कार्बामाझेपिनही चालू आहे. इथल्या डॉक्टरांनी कोविडवरची पॅक्सलोविड ही गोळी दिलीय. (वाचक, न्यू जर्सी)

सोमवारचं सलाईन पुढे ढकला. सक्रिय संसर्गात ते देत नाहीत. सहा महिन्यांची तारीख म्हणजे कडेलोट नव्हे. शेवटच्या डोसनंतर बी पेशी परतायला निम्म्या रुग्णांना ७२ आठवड्यांहून जास्त लागतात, तेव्हा तीन-चार आठवड्यांच्या उशिराने सहसा बिघडत नाही.

पॅक्सलोविड घेण्याआधी मात्र डॉक्टरांना लगेच फोन करा. कार्बामाझेपिनसोबत ते चालतच नाही, कार्बामाझेपिन त्याला यकृतात फोडून टाकतं. आज कार्बामाझेपिन सोडूनही भागत नाही, त्याचा हा गुण साधारण दोन आठवडे मागे राहतो, आणि एकदम सोडल्यास कळा परततात. पर्याय म्हणजे तीन दिवस शिरेतून रेमडेसिविर, २००, १००, १०० मिलिग्रॅम. बी पेशी नसलेल्या माणसात कोविड कधीकधी आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. दहा दिवसांनी ताप पुन्हा आला तर ती नवी लागण समजू नका, दाखवा.

प्रश्न : एमएससाठी नॅटालिझुमॅब घेते. जेसी व्हायरस पॉझिटिव्ह आला. त्यावर गोळी कोणती? (वाचक, ठाणे)

गोळी नाही. निम्म्याअधिक प्रौढांत हा विषाणू निमूट पडून असतो, पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. रिपोर्टवरचा इंडेक्स बघा: ०.९ च्या आत जोखीम कमी, १.५ च्या वर जास्त. त्यात उपचार दोन वर्षांपलीकडे गेलेला असेल किंवा पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं झालेली असतील तर याच विषाणूमुळे होणाऱ्या पीएमएल या मेंदूच्या संसर्गाचा धोका चढत जातो. मग दर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय, चार आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी डोस, किंवा औषधबदल, यांवर न्यूरोलॉजिस्टशी बोला. मध्येच सोडून मात्र बसू नका, तीनेक महिन्यांत एमएस उसळतो. झटका दिवसांत येतो. पीएमएल आठवड्यांत हळूहळू सरकतं. बोलणं अडखळणं, स्वभाव बदलणं, नजरेची एक बाजू जाणं अशी त्याची सुरुवात असते. याला झटका समजून स्टेरॉइड दिलं तर नुकसान होतं.

प्रश्न : मी ओक्रेलिझुमॅबवर. मुलीच्या वर्गात कांजिण्यांची साथ आहे. तिला लस दिली तर मला धोका? (वाचक, म्हापसा)

मुलीला लस जरूर द्या, तिला कांजिण्या झाल्या तर तुम्हाला धोका जास्त. लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठलंच तर ते सुकेपर्यंत तिचं अंथरूण आणि अंग पुसणं दुसऱ्या कुणाकडे सोपवा. तुम्हाला स्वतःला ही लस आता घेता येणार नाही, ती जिवंत विषाणूची असते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते आईला विचारा, आणि व्हॅरिसेला आयजीजी (कांजिण्यांविरुद्धच्या अँटिबॉडी) तपासून रिपोर्ट जवळ ठेवा. तो निगेटिव्ह असेल आणि घरात कांजिण्या आल्याच तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. व्हॅरिसेलाचं इम्युनोग्लोब्युलिन जितकं लवकर तितकं चांगलं, दहा दिवसांनंतर त्याचा उपयोग नाही.